वेणीचं मॅग्नेट

सोमवार, दुपारचे तीन

प्रिय भोवऱ्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे, म्हणजे या वयात जितकं असतं तितकं. फोन हाताशी असताना बाबांना पत्राची काय हुक्की आली, असं तू सूनबाईला विचारशील. कारण साधं आहे. आपल्या घरात फोन वाजला की तुझी आई उचलते, मी बोलत असलो तर शेजारी येऊन बसते, आणि मी काय बोलायला हवं होतं ते मधूनमधून सांगते. हे पत्र तिच्या माघारी लिहितोय. ती खांद्याच्या व्यायामाला गेली आहे, साडेचारला येईल. तेवढ्या वेळात मला एक कबुली द्यायची आहे आणि एक मागणं मागायचं आहे. मागणं तातडीचं आहे, शुक्रवारच्या आत त्याचं उत्तर हवं. पण कबुली दिल्याशिवाय मागायला मला तोंड नाही, म्हणून आधी कबुली. राग आला तरी पत्र मध्येच ठेवून देऊ नकोस.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही तीन आठवड्यांसाठी तुमच्याकडे आलो आणि ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच मी बॅग भरली. निघताना दारात उभा राहून मी जे बोललो ते तुला पाठ असेल. ज्या घरात पुरुष पोरीच्या वेण्या घालत बसतो त्या घरात माझा जीव रमत नाही, असं म्हणालो होतो. सूनबाई तेव्हा बुटाचे बंद बांधत होती, ती वर न बघता बांधतच राहिली. तू बॅग उचललीस, स्टँडपर्यंत आलास, पाण्याची बाटलीसुद्धा घेऊन दिलीस. तेव्हापासून तू रोज फोन करतोस, आईशी अर्धा तास बोलतोस आणि शेवटी तिला विचारतोस, बाबा जेवले का. जेवलो. रोज जेवतो. पण जीव रमत नव्हता हे साफ खोटं होतं, भोवऱ्या. माझा जळफळाट होत होता. आणि तो कुणावर, तर पोटच्या पोरावर. लिहिताना लाज वाटते, पण आता लिहून टाकलं.

रोज सकाळी सात वीसला तुमच्या घरात काय होतं ते तुला दिसत नाही, कारण तू त्यात असतोस. मी समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेला असायचो. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला सातलाच निघून गेलेली. खिडकीखालचं ते बुटकं स्टूल तुझी लेक भिंगरी पायाने ढकलत आणायची, त्यावर बसायची आणि मान मागे टाकायची. तू मागे सोफ्याच्या कडेला, दातांत रबरबँड, हातात फणी. आणि मग पोरीची टकळी सुरू. वर्गात कोण रडलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, स्वप्नात हत्ती लिफ्टमधून कसा वर आला, बाई कुणाशी जास्त गोड बोलतात. ज्या पोरीला मी दिवसभरात दहा प्रश्न विचारून जेमतेम एक ‘हं’ मिळवायचो, ती तुझ्याकडे पाठ करून बसली की सगळं सांगायची. तुझे हात चालू, तिचं तोंड चालू. असं दहा मिनिटं. मीही पेपरचं एकच पान दहा मिनिटं धरून बसायचो. तो पेपर कालचा आहे, हे एकदा तुझ्या आईने सगळ्यांदेखत दाखवून दिलं. माझ्या पोटात नुसतं दुखायचं. याच्या पदरात हे सुख आयतं पडलंय आणि याने त्याची कामांत गणती केली आहे!

गणतीच की. फ्रिजच्या दारावर बोर्डच लावून ठेवलायस. तू नकाशे काढणारा माणूस, रेघा सरळ असणारच. डावीकडे नावं, समोर रंगीत मॅग्नेटं, त्यांवर चिमुकली चित्रं: बादली, ताट, झाडू, इस्त्री आणि पिवळ्यावर फणी. दर रविवारी भिंगरी स्टुलावर चढून मॅग्नेटं हलवणार, कारण ते तिचं काम, आणि एकदा हलवली की आठवडाभर बोर्डाचा शब्द शेवटचा. कुणी कुरकुरायचं नाही. फणी तेवढी कायम तुझ्यापुढे, कारण त्या वेळी घरात तूच असतोस. आम्ही आलो तेव्हा तू बोर्डावर दोन नावं वाढवलीस. तुझ्या आईने मागून मटार सोलायचं मॅग्नेट घेतलं. माझ्या नावापुढे तू सुबक अक्षरात लिहिलंस: आराम. मानाने लिहिलंस, ते मला कळत होतं. बापाने छत्तीस वर्षं दोरखंडाच्या कारखान्यात उभ्याने काढली, आता बसू दे, एवढाच तुझा हेतू. पण पाणी प्यायला फ्रिज उघडावा तर दर वेळी तो शब्द नाकासमोर. सहा वर्षांच्या पोरीला काम, चार दिवस आलेल्या आजीला काम, आणि मी काय, शोकेसमधलं भांडं? मलाही मॅग्नेट हवं होतं. बादलीचं किंवा झाडूचं नव्हे, फणीचंच हवं होतं. मागितलं असतं तर तू हसत दिलं असतंस. पण मला मागायची सवय नाही, सगळं आयुष्यभर पुढ्यात येत गेलं.

तुला वाटेल म्हातारपणी डोकं फिरलं. नाही रे, दुखणं जुनं आहे. तू लहान होतास तेव्हा मी दुसऱ्या पाळीहून यायचो, अंगभर तागाचा भुगा, आणि जिन्यातूनच तुम्हा दोघांचे आवाज ऐकू यायचे. आई भांडी घासते आहे, तू फडक्याने पुसतो आहेस, आणि काहीतरी चाललंय, हसणं-खिदळणं. मी दारात उभा राहिलो की दोघेही गप्प. घाबरून नव्हे, दमून आलाय बिचारा म्हणून. ती हात पुसत यायची आणि म्हणायची, तुम्ही बसा. मी बसायचो, चहा हातात यायचा. आमची वाटणी पक्की होती, चारचौघांत मी ती तोऱ्यात सांगायचो: आमच्याकडे निम्मं-निम्मं, बाहेरचं माझं, घरातलं तिचं. निवृत्त झालो त्या दिवशी माझं निम्मं संपलं. तिचं निम्मं दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नेहमीसारखं सुरू झालं. सात वर्षं मला ते खटकलंसुद्धा नाही. खटकायचं ते वेगळंच. त्या भांड्यांच्या ढिगापाशी तुमचं जे काही चाललेलं असायचं त्यात मला जागा नव्हती. जागा मीच कधी घेतली नव्हती, पण जळणारा माणूस एवढा विचार करतो होय?

आता मॅग्नेटचं सांगतो. आमच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार होता. तू ऑफिसात, सूनबाई दुकानात, भिंगरी शाळेत, आणि तुझी आई जेवून पडली होती. मी फ्रिजपाशी गेलो आणि फणीचं मॅग्नेट उचलून माझ्या नावापुढे लावलं. बरोबर ‘आराम’वर बसवलं, म्हणजे तो शब्दही झाकला गेला. इकडेतिकडे पाहिलं आणि चोरासारखा खुर्चीत येऊन बसलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस! गुरुवारी सकाळी भिंगरीने बोर्ड पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. आजोबा, आज तुम्ही, आज तुम्ही! मला वाटलं होतं ती नाक मुरडेल. ती स्टूल ढकलत माझ्या खुर्चीपाशी घेऊन आली. तू तिचा डबा भरत होतास. तुला वाटलं पोरीनेच लाडात येऊन हलवलं असेल. आतूनच हसत म्हणालास, बोर्ड म्हणतो तर बोर्ड.

माझ्यापुढे केस आले आणि मला घाम फुटला. पण मी मनाशी म्हटलं, वेणीत तीन पेड, दोरातही तीन पेड, आपण आयुष्यभर दुसरं केलं काय? दोर कसा वळतात तुला माहीत आहे, लहानपणी कारखान्यात येऊन पाहिला आहेस. एकेका पेडाला उजवीकडे पीळ द्यायचा, मग तिन्ही पेड मिळून डावीकडे पीळ द्यायचा, की ते एकमेकांना धरून राहतात. मी तसंच केलं. चांगला घट्ट पीळ दिला. भिंगरी लिफ्टमधल्या हत्तीचं पुढचं स्वप्न सांगायला लागली होती, ती मध्येच थांबली आणि म्हणाली, आजोबा, डोळे ओढले जातायत. मी म्हटलं, घट्ट असलं की टिकतं. आणि रबरबँडवर माझा विश्वास नाही. दोराचं टोक उसवू नये म्हणून आम्ही त्यावर दोरा गुंडाळून शेवट आतून ओढून घेतो, तो बंद मग कापल्याशिवाय सुटत नाही. माझ्या खिशात कायम मेणाचा दोरा असतो. तुझ्या लेकीच्या वेणीच्या टोकाला मी होडी बांधायच्या दोराचा बंद मारला. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला, ती पळाली, तू गॅलरीतून हात केलास. त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की दुपारी तुझ्या आईला चहा करून दिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारी पोरीचं डोकं ठणकायला लागलं. बाईंनी वेणी सोडायचा प्रयत्न केला, बंद सुटेना. शेवटी कात्रीने दोरा कापायला गेल्या आणि त्याबरोबर चार बोटं केसही गेले. तेही तिरके. पोरांनी ‘दोरी, दोरी’ करून तिला रडवलं. ती घरी आली तेव्हा एका खांद्यावर लांब आणि एका खांद्यावर आखूड असे ते केस, आणि नाक लालभडक. तू तिला जवळ घेतलंस, तेल चोळलंस, आणि मग तुझ्या पद्धतीने, आवाज न चढवता सांगितलंस की बोर्ड हा खेळ नाही, मधल्या वारी मॅग्नेट हलवलंस म्हणून हे झालं, आता दोन रविवार तू बोर्डाला हात लावायचा नाही. ती म्हणत राहिली, मी नाही हलवलं. तू म्हणालास, खोटं बोललेलं मला आवडत नाही. आणि मी, भोवऱ्या, मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. पेपरसुद्धा हातात नव्हता. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. मग तू माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणालास, बाबा, तुमची चूक नाही, तुम्ही आराम करा. त्यापेक्षा चारचौघांत कानफटात दिली असतीस तर बरं वाटलं असतं. शनिवारी मी बॅग भरली, आणि स्वतःची लाज झाकायला तुला दारात उभं करून बोललो. मॅग्नेट मी हलवलं होतं. भिंगरी खरं बोलत होती. ही झाली कबुली.

येताना बसमधून उतरता उतरता तुझी आई एवढंच म्हणाली, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. तिला किती कळलंय ते मी विचारलं नाही.

पुढे तिचा खांदा आखडला, हे तुला फोनवर कळलंच. उजवा हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात सात-आठ महिने लागतील, कदाचित वर्षसुद्धा. तेव्हा घरातलं निम्मं आपसूक माझ्याकडे आलं. तुला हसू येईल, पण मी आता भांडी घासतो, फरशी पुसतो, कुकरच्या शिट्ट्या मोजतो. पहिल्या आठवड्यात वरणाला दोनदा मीठ पडलं आणि भाजीला एकदाही नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या तर ती म्हणाली, दुकान काढताय का? मग तुझी नक्कल करावी म्हणून जुन्या कॅलेंडरच्या मागे मी रेघा मारल्या, फरशी, झाडू, केर, भांडी, सगळं माझ्यापुढे लिहिलं, आणि तिच्या नावापुढे मोठ्या कौतुकाने लिहिलं: आराम. तिने ते वाचलं आणि डाव्या हाताने कॅलेंडर टराटरा फाडलं. मला काय मोडीत काढलंत का, म्हणाली. आता डावा हात चालतो ती सगळी कामं तिची: भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, आणि माझ्यावर देखरेख. हे शेवटचं काम ती दोन्ही हातांनी करते.

एवढं सगळं माझ्याकडे आलं, पण एक काम आलं नाही. समोरच्या घरात हॉस्पिटलातली नर्स राहते. रात्रपाळी संपवून सकाळी आठला येते ती घरी जायच्या आधी आपल्याकडे डोकावते आणि तुझ्या आईची वेणी घालते. चांगली पोरगी आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही आणि तेच मला सोसत नाही. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला असतो. मी बाहेर चहाचे कप विसळत उभा असतो, एक कप चार-चार वेळा. आत तुझी आई बोलत असते. काय काय बोलते! बेचाळीस वर्षं संसार केला त्या बाईशी, आणि मला पडद्याआडून कळतं की तिला लहानपणी पोहायला यायचं, की तिला गच्चीवर एकटं बसायला आवडतं, की तिला माझ्या घोरण्याची इतकी सवय झाली आहे की मी तुझ्याकडे एकटा आलो होतो तेव्हा तिला झोप लागली नव्हती. हे मला का नाही सांगितलं? पण माझ्याकडे पाठ करून बसून सांगायला तिला मी कधी जागा दिली होती? त्या नर्सवर मी सकाळी आठ ते आठ दहा असा रोज जळतो. मग ती बाहेर येऊन, काका, चहा मस्त झालाय, असं म्हणते आणि मला आणखीच राग येतो.

मागच्या मंगळवारी तिने तुझ्या आईला विचारलं, मावशी, एवढे लांब केस, कधी कुणाच्या हाताने वेणी घालून घेतली नाहीत का? तुझी आई म्हणाली, घेतली ना. माझा मुलगा घालायचा, आठ वर्षांचा होता. सुट्टीत रोज दुपारी. हात काय हलका होता त्याचा, मला झोप यायची. नर्सने विचारलं, मग? तुझी आई म्हणाली, मग एक दिवस त्याने सोडून दिलं, मुलंच ती. बस, एवढंच. तिने माझं नाव घेतलं नाही. परक्या पोरीसमोर तिने मला झाकलं, आणि पडद्याच्या बाहेर माझ्या हातातला कप बेसिनमध्ये पडून फुटला.

का सोडलंस ते तुला आठवत असेल. नसलं तर बरं, पण मला वाटतं आठवत असेल. त्या दिवशी यंत्र बंद पडलं म्हणून मी दुपारीच घरी आलो होतो. तुझी आई खिडकीत बसलेली, डोळे मिटलेले, आणि तू मागे पलंगावर गुडघ्यांवर उभा राहून वेणी घालत होतास. तिच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नाच्या दहा वर्षांत माझ्यासमोर कधी पाहिलं नव्हतं. मी तुला बायल्या म्हणालो. वर हसलो, म्हणजे थट्टा होती असं सगळ्यांना वाटावं. तू फणी पलंगावर ठेवलीस आणि खाली खेळायला गेलास. अर्धी वेणी तिने स्वतः पुरी केली. मुलाने बायकी होऊ नये म्हणून बोललो, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. खोटं होतं ते. तेव्हाही मी जळलोच होतो. तुझ्या घरी भिंगरीच्या डोक्यावर तेच हात तसेच चालताना पाहिले तेव्हा मला ती दुपार आठवली. माझ्या त्या एका शब्दाने तुझे हात वेणी विसरले नाहीत, हे तुझं नशीब आणि भिंगरीचंही. तो शब्द मी परत घेतो. बत्तीस वर्षं उशीर झाला आहे, तरी परत घेतो.

चार वाजून गेले, ती येईल, तेव्हा आता मागणं. येत्या पहिल्या तारखेपासून नर्सची सकाळची पाळी लागते आहे, सहालाच तिला जावं लागेल. काल जेवताना तुझ्या आईने, जणू दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात, सांगितलं की शनिवारी कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून येते, रोज कोण कुणाची मनधरणी करणार. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी शिकेन असं तिच्या स्वप्नातही नाही. नर्सला विचारण्यापेक्षा मी स्वतःचं टक्कल करून घेईन. मोबाइलवर सगळं शिकवतात म्हणून पाहिलं, तर त्यातल्या बाईचे हात दिसेपर्यंत वेणी संपते. गेले सहा दिवस तुझी आई व्यायामाला गेली की मी खिडकीच्या गजाला सुताचे तीन पेड बांधून बसतो. तिसऱ्या वळणापर्यंत जमतं, मग हात आपोआप पीळ द्यायला लागतात आणि सोडलं की सगळं उलगडतं. एक तुकडा या पाकिटात घातला आहे, चूक कुठे होते ते त्यावर शाईने खूण करून दाखव. आणि तू नकाशे काढतोस, तर मला वेणीचा नकाशा काढून दे, एकेक वळण वेगळं, कुठलं बोट कुठल्या पेडाखाली ते दाखवून. रबरबँड किती वेढे द्यायचा तेही लिही. हे पत्र मी आजच कुरिअरने टाकतोय, तूही शुक्रवारच्या आत पोचेल असं कुरिअरनेच पाठव, माझ्याच नावाने. सोबतची दुसरी घडी भिंगरीची आहे. त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय की मॅग्नेट आजोबांनी हलवलं आणि आजोबा गप्प बसले. तिला स्वतःला वाचू दे, आणि तिचे दोन रविवार तिला परत दे. तुझ्या आईचे केस तिचे आहेत, तिला खरंच कापायचे असतील तर खुशाल कापू दे. पण मला वेणी येत नाही म्हणून ते कापायला लागू नयेत. शुक्रवारी रात्री मी स्टूल खिडकीपाशी आणून ठेवणार आहे, आणि शनिवारी सकाळी तिला म्हणणार आहे, तू बस.

तुझाच शिकाऊ,
बाबा